केक खाणारे अनेक, टिन घासणारा एक

केकची कृती लिहिणारी माणसं मोठी सज्जन असतात. मैदा किती वेळा चाळायचा, लोणी किती मऊ हवं, अंडी फ्रीजमधून किती आधी काढून ठेवायची, सगळं मायेनं सांगतात. ओव्हन १८० अंशांवर तापवून घ्या, सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की केक झाला, जाळीवर गार करा, वरून पिठीसाखर भुरभुरा आणि पाहुण्यांना द्या. इथे कृती संपते. पाहुण्यांच्या हातात केक असतो, ओट्यावर टिन असतो, आणि त्या टिनाचं पुढे काय करायचं याबद्दल चकार शब्द काढलेला नसतो.

फोटोतही तोच प्रकार. केक असतो, शेजारी फुलदाणी असते, केकशी काडीचा संबंध नसलेली दालचिनी सुतळीने बांधून ठेवलेली असते, मागच्या खिडकीतून ऊन येत असतं. टिन मात्र चौकटीबाहेर. केक उपडा करून काढला की टिनाचं समाजातलं स्थान संपतं. पातेल्याचं तसं नाही. आमटी पातेल्यातून वाढली जाते, पातेलं पंगतीत फिरतं, चारचौघांना दिसतं. म्हणून पातेलं आतबाहेर लख्ख असतं आणि टिनाचे कोपरे वर्षानुवर्षं तपकिरी राहतात. माझं मत असं, की घरातलं कुठलं भांडं किती घासलं जाईल हे ते किती करपलंय यावर ठरत नाही; ते कोणाच्या नजरेला पडणार आहे यावर ठरतं. पुढचं सगळं या मताच्या पुष्ट्यर्थ आहे. घासण्याचे उपाय वाटेत येतीलच. ज्याला हवे त्याने वेचून घ्यावेत.

घरात केक चांगला झाला की त्याचे मालक पुष्कळ निघतात. अंडी फेटणारा मुलगा, व्हॅनिलाचे दोन थेंब घालणारी मुलगी, ‘मीच म्हटलं होतं आज कर’ म्हणणारे यजमान, ओव्हनच्या काचेतून नुसतं बघत बसलेले आजोबा, सगळ्यांचा वाटा असतो. टिनाला मालक नसतो. तो सिंकमध्ये जातो, त्यात पाणी भरलं जातं आणि कोणीतरी जाहीर करतं, “टिन भिजत घातलाय हं.” हे वाक्य माहिती देण्यासाठी उच्चारलेलं नसतं. तो राजीनामा असतो. भिजत घालणाऱ्याचं कर्तव्य तिथे संपतं आणि यापुढे जो पहिल्यांदा सिंकपाशी जाईल त्याचं सुरू होतं. साहजिकच त्या संध्याकाळी सिंकपाशी कोणी जात नाही. चहाचे कप गॅलरीत राहतात, ताटं ओट्यावर राहतात, मुलं बाटलीनेच पाणी पितात.

भिजत घोंगडं ठेवू नये असं आपल्याकडे म्हणतात, पण टिनाला ती म्हण लागू नाही. भिजणारा टिन ही घरातली एकमेव वस्तू आहे, जी कोणी हात न लावता प्रगतिपथावर असते. “काय झालं त्याचं?” “भिजतोय.” दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यातलं पाणी बदलतं आणि आपण काम केल्याच्या समाधानात ऑफिसला जातं. त्याच्यापुढच्या दिवशी त्यात चार चमचे आणि एक वाटी येऊन पडते. आता तो टिन राहिलेला नसतो, त्याचं आगार झालेलं असतं.

या सगळ्यांचा भरवसा असतो तो भांड्याला येणाऱ्या मावशींवर. पण मावशींनी आयुष्य करपलेल्या दुधात घालवलेलं असतं. त्या एका नजरेत निदान करतात.

“वहिनी, हे काय?”

“केकचा टिन आहे, मावशी. भिजत घातलाय.”

“कवापासून?”

“शनिवारी केला होता ना केक.”

“आज बुधवार हाय.” मावशी टिन उजेडाकडे धरतात, नखाने कोपरा खरवडून बघतात आणि खाली ठेवतात. “वहिनी, हे घासायचं काम न्हाई. हे खणायचं काम हाय. त्याचे पैसे येगळे.”

मावशींचं बरोबर असतं. पगार ठरला तेव्हा पाच माणसांची भांडी ठरली होती. त्यात उत्खनन नव्हतं.

मागच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही, कारण त्या पिढीने भट्टीही दुसऱ्याची वापरली आणि पत्रेही दुसऱ्याचे. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बायका जवळच्या बेकरीत जायच्या. तिथे नंबर लावायचा, आपल्या पिठाच्या नानकटाया थापून लांबलचक पत्र्यावर मांडायच्या, वर चारोळी नाही तर वेलदोडा टोचायचा आणि भट्टीतून येईस्तोवर डोळ्यांत तेल घालून आपल्या पत्र्यावर नजर ठेवायची, नाहीतर आपलं तूप दुसऱ्याच्या डब्यात जायचं. भाजणावळ किलोवर. नानकटाई डब्यात भरायची आणि घरी यायचं. ते पत्रे कोळशासारखे काळे असत, आणि ते घासलेले कधीच कोणी बघितले नव्हते. त्यावरून कोणाचं काही अडलं नाही. घरी पितळेच्या डब्यावरचा एक डाग खपवून न घेणारी आजी त्या काळ्याकुट्ट पत्र्यावर आपल्या हाताने नानकटाई मांडायची. पत्रा बेकरीचा होता. त्याच्यावरून कोणी आजीला नावं ठेवणार नव्हतं.

घरी केक करायची हौस तेव्हाही होती. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला वाळू नाहीतर मीठ घालून, त्यावर डबा ठेवून केक व्हायचा. काही घरांत अल्युमिनियमचा गोल ओव्हन असायचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्या खिडकीतून काही दिसायचं नाही, पण घरातली सगळी मुलं तिच्याभोवती बसायची. केक वर्षातून दोनदा, वाढदिवसाला आणि नाताळात. तेवढ्यापुरता टिन काळा झाला तरी उरलेलं वर्ष तो माळ्यावर, अंधारात. अंधारातल्या भांड्याला डाग नसतो.

मग ओटीजी आला. पुढे २०२० साल आलं, लोक घरात कोंडले गेले, आणि जी माणसं पाव हा पावाच्या गाडीवर उगवतो असं समजत होती ती यीस्ट शोधत फिरू लागली. घरोघर केळ्याचा ब्रेड झाला. त्यासाठी टिन आले, मफिनचे बारा खळग्यांचे ट्रे आले, तळ सुटा होणारे गोल टिन आले, ज्यांच्या फटीतून पातळ मिश्रण हळूच निसटून ओव्हनच्या तळाशी जातं. टाळेबंदी उठली, हौस ओसरली, ट्रे राहिले. मफिनचा ट्रे ज्याने घासलाय त्याला विचारा. एक खळगा घासायला लागतो तेवढा वेळ गुणिले बारा असा हिशोब नसतो. सहाव्या खळग्यानंतर माणूस तत्त्वज्ञानाकडे वळतो.

आता हा डाग म्हणजे असतं तरी काय? सगळे डाग आपल्याला सारखेच काळे दिसतात, पण त्यात निदान तीन वेगळे आरोपी असतात आणि तिघांना एकच शिक्षा चालत नाही.

पहिला आरोपी साखर. ती साधारण १६० अंशांच्या पुढे वितळून तपकिरी होते आणि गार झाल्यावर काचेइतकी टणक. दिसते भयंकर, पण मनाने साधी. गरम पाणी आणि थोडा वेळ दिला की बिचारी विरघळून जाते. भिजत घालणाऱ्यांची सगळी श्रद्धा या एका आरोपीमुळे टिकून आहे. फार काळी पडलेली साखर मात्र तेवढ्याने ऐकत नाही.

दुसरा आरोपी अंडं, दूध आणि मैदा यांची टोळी. प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की साधारण १४० अंशांच्या पुढे खरपूस रंग आणि वास देणाऱ्या क्रियांची एक लांबलचक साखळी सुरू होते. लुई कामिल मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. केकचा वरचा रंग, पावाचा पापुद्रा, भाकरीचे डाग, सगळी तिचीच कृपा. केक आतून ओला असतो तोवर आतलं तापमान शंभरच्या वर फारसं जात नाही, म्हणून आत लुसलुशीत आणि कडेला खरपूस. पण टिनाच्या काठावरून बाहेर ओघळलेल्या त्या एका थेंबातलं पाणी दोन मिनिटांत उडतं आणि पुढचा पाऊण तास तो १८० अंशांत एकटा भाजत बसतो. टिनाच्या बाहेरच्या बाजूला जे खवले दिसतात ते हेच थेंब. गरम पाणी, साबण आणि सोडा यांच्यापुढे ते कुरकुरत का होईना, शरण येतात.

तिसरा आरोपी तेल. हा मात्र अट्टल. टिनाला बोटाने लावलेलं, कोपऱ्यात साचलेलं तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचे रेणू हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं तयार होतं. तेल तेल राहत नाही, त्याचं रोगण होतं. जवसाच्या तेलाचा हात लाकडावर फिरवला की तो वाळून जो टणक पापुद्रा बनतो, त्याच कुळातली ही गोष्ट. म्हणजे दर वाढदिवसाला आपण टिनाला पॉलिश मारत असतो आणि मग ते भांड्याच्या साबणाने निघेल अशी आशा धरतो. सूर्यफूल आणि सोयाबीनची तेलं या कामात विशेष तत्पर. तूप बरंच आळशी. टिनाला तूप लावून वर मैदा भुरभुरणाऱ्या आजीने रसायनशास्त्र वाचलं नव्हतं, पण तिचा टिन सुनेच्या टिनापेक्षा कमी चिकट होता.

आता गंमत बघा. हाच तिसरा आरोपी बिडाच्या तव्यावर गेला की त्याचा सत्कार होतो. तव्याला तेल लावायचं, तापवायचं, पुसायचं, परत लावायचं, असं करत करत त्यावर जो काळा चकचकीत थर चढतो तो म्हणजे तेलाचं तेच रोगण. तो थर चढावा म्हणून माणसं झटतात. “आमच्या तव्यावर डोसा आपोआप सुटतो,” असं पाहुण्यांना सांगतात. त्या तव्याला चुकून कोणी साबण आणि तारेची घासणी लावली, तर घरात दोन दिवस अबोला असतो. आणि त्याच ओट्यावर, दोन फुटांवर, तेच घरचे लोक टिनावरचा तोच थर तारेच्या घासणीने खरवडत, त्याला शिव्या घालत असतात. रसायन तेच, रंग तोच, चिकटपणा तोच. तवा गॅसवर उघड्यावर असतो, त्याचं काळेपण अनुभवाचं समजतात. टिनाचं काळेपण आळशीपणाचं.

टिन करपला ही बातमी घराबाहेर गेली की सल्ले येतात. आपल्याकडे पोटदुखी आणि करपलेलं भांडं या दोन गोष्टींवर प्रत्येकाकडे औषध असतं. एक आत्या लिंबाच्या सालीवर आहे, एक काका कोल्ड्रिंक ओतून ठेवायला सांगतात, समोरच्या वहिनींचा टूथपेस्टवर विश्वास आहे. पण बहुमत आहे ते सोडा आणि व्हिनेगर या जोडीला. टिनात खायचा सोडा पसरायचा, वर व्हिनेगर ओतायचं. फेस येतो. घरातले सगळे जमतात. फसफस बघून आजोबासुद्धा म्हणतात, “निघतंय, निघतंय!” फेस बसतो. डाग होता तिथेच असतो, फक्त ओला.

कारण साधं आहे. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं वेगवेगळे कामाचे. एकत्र आणले की आधी एकमेकांनाच संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खाली उरतं खारट पाणी. बुडबुड्यांच्या धक्क्याने सुटा झालेला एखादा कण वर येतो, तेवढंच. दोन कर्तबगार माणसं एका समितीवर नेमली की कामाचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सोड्याला एकट्याला सोडा. थोड्या पाण्यात त्याची दाटसर पेस्ट करा, डागावर थापा, रात्रभर राहू द्या. सोडा थोडासा अल्कली आणि थोडासा खरखरीत, पण इतका मऊ की स्टीलला ओरखडा येत नाही. सकाळी ओल्या फडक्याने घासा. फेस येत नाही, प्रेक्षक जमत नाहीत, म्हणून हा उपाय लोकांना पटत नाही.

राख तर आपल्याकडची जुनीच. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. तेही अल्कली, चिकटपणा तोडणारं. वर बारीक खर. राख आणि नारळाची शेंडी, एवढ्यावर कोकणातल्या कित्येक पिढ्यांनी काळी पातेली पांढरी केली. चुली गेल्या, राख गेली. आता तीच राख सुबक पुडक्यात, ‘नैसर्गिक’ असं लिहून ऑनलाइन मिळते. लाकडाचा हा एकच प्रकार असेल जो जाळल्यावर महाग होतो.

अल्युमिनियमचा टिन असेल तर मात्र थांबा. आपले साधे केकचे टिन बहुतेक अल्युमिनियमचेच असतात आणि हा धातू अल्कलीपुढे टिकत नाही. धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा, डिशवॉशरची पावडर, यांतलं काही लागलं की तो काळा-करडा पडतो. अमेरिकेतल्या कित्येक मराठी घरांत हे नाटक झालं आहे. आईने पुण्याहून बॅगेत जपून नेलेला टिन मुलीने कौतुकाने डिशवॉशरमध्ये लावला, आणि दीड तासाने बाहेर आला तो पाटीवरच्या पेन्सिलीच्या रंगाचा. “आई, तुझा टिन काळा झाला.” “मशीनने घासलंस ना?” पुढे फोनवर बराच वेळ नुसता श्वासोच्छ्वास. त्याच घरातला ओव्हन मात्र स्वतःला स्वतः साफ करणारा असू शकतो. त्याची रीत सरळ आहे: दार कुलूपबंद करून तो जवळपास ४८० अंशांपर्यंत तापतो आणि आतला सगळा करपटपणा जाळून त्याची राख करतो. करपलेलं काढायचा खात्रीचा उपाय म्हणजे ते आणखी करपवणं, हे सांगायला एवढं मोठं यंत्र लागलं.

अल्युमिनियमला आम्ल आवडतं. काळ्या पडलेल्या टिनात पाणी घाला, चिंचेचा कोळ नाहीतर लिंबाची सालं टाका, दहा-पंधरा मिनिटं उकळा, काळेपण जातं. टोमॅटोचं सार अल्युमिनियमच्या पातेल्यात केलं की पातेलं आतून कसं उजळतं, हे जुन्या बायकांना ठाऊक आहे. ते काळेपण गेलं कुठे, हे सार पिणाऱ्याने विचारू नये. आंबट चुक्याची भाजी केल्यावर भांडं लख्ख निघतं त्याचं कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या जॉर्ज हॉफमन या रसायनज्ञाने १८८२ मध्ये हेच पाहिलं. चुक्याच्याच कुळातल्या रुबार्बची भाजी शिजवली आणि मळकं भांडं उजळून निघालं. त्याने त्यावरून घासायची पावडर काढली, ती आजही विकली जाते. आपल्याकडे शेकडो घरांत चुक्याने भांडी उजळत होती. आपण म्हटलं, “वा, भाजी छान झालीय,” आणि पुढचं वाढून घेतलं.

या क्षेत्रातले शोध बहुधा दुसऱ्याचं स्वयंपाकघर बघण्यातून लागले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत एड कॉक्स नावाचा विक्रेता १९१७ च्या सुमारास दारोदार अल्युमिनियमची भांडी विकत फिरायचा. बायका दार उघडेनात, आणि उघडलं तरी म्हणत, “तुझ्या भांड्याला सगळं चिकटतं.” त्याने पोलादी लोकरीचे तुकडे साबणाच्या पाण्यात बुडवून वाळवले आणि भांडी दाखवायला आत घेणाऱ्या बाईला एक तुकडा फुकट द्यायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत बायका भांडं नको, तुकडा दे म्हणू लागल्या. त्याने भांडी विकणं सोडलं आणि घासणी विकायला लागला. त्या घासणीला नाव त्याच्या बायकोने दिलं, ‘आमची पातेली वाचवा’ अशा अर्थाचं. भांड्याच्या धंद्यापेक्षा ते घासण्याचा धंदा मोठा, हे ज्ञान त्याला दारोदार हिंडून मिळालं. आपल्या मावशींना ते पहिल्यापासून आहे.

मुळात चिकटूच नये, या विचाराची गोष्टही अशीच. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट फ्रीजमध्ये वापरायच्या वायूवर काम करत होते. वायूच्या नळकांड्यातून वायू येईना, म्हणून कापून पाहिलं, तर आत पांढरी निसरडी भुकटी. तेच टेफ्लॉन. पुढे बरीच वर्षं ते मोठमोठ्या कामांत वापरलं गेलं. १९५४ मध्ये मार्क ग्रेगॉर हा फ्रेंच इंजिनिअर आपल्या मासेमारीच्या सामानाला ते लावत बसला होता. त्याची बायको कोलेट म्हणाली, गळाला लावण्यापेक्षा माझ्या तव्याला लाव. त्याने लावलं, आणि दोन वर्षांनी कंपनी काढली. जगातला पहिला नॉनस्टिक तवा नवऱ्याच्या सुचण्यातून नाही, बायकोच्या टोमण्यातून तयार झाला.

नॉनस्टिक टिन मराठी घरात आला की त्याच्याबरोबर एक आचारसंहिता येते. त्याला लाकडी चमचाच लावायचा. त्याला मऊ स्पंजच लावायचा. तो रिकामा तापवायचा नाही. २६० अंशांच्या वर त्याचा लेप बिघडू लागतो. त्याच्यात दुसरं भांडं ठेवायचं नाही, ठेवलंच तर मध्ये फडकं घालायचं. घरातल्या मुलांना इतके नियम नसतात. सून सगळं सांगून माहेरी जाते. परत येते तेव्हा टिन चकचकीत असतो, आणि सासूबाई अभिमानाने सांगतात, “किती काळा ठेवला होतास गं! तारेच्या घासणीने घासघास घासला, तेव्हा कुठे खालचा पांढरा पत्रा दिसला.”

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. वाटी, पेला, तांब्या, डबा, सगळ्यांवर नाव कोरलेलं, वर तारीख, कोणाकडून कोणाला आणि ‘सप्रेम भेट’. भांडं कोणाकडे डाळ-गूळ घेऊन गेलं तर ते घराण्याचं नाव घेऊन जातं. म्हणून ते चिंचेने, पितांबरीने, जमेल त्याने उजळून पाठवायचं आणि येताना ते रिकामं येत नाही. केकच्या टिनावर नाव घालून कोणी आहेर केल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे त्याला कुळ नाही, गोत्र नाही आणि अब्रूही नाही. तो कितीही काळा झाला तरी घराण्याचं काही जात नाही.

शिवाय काळेपणाचा त्याला फायदाच होतो. चकचकीत टिन उष्णता परावर्तित करतो. त्यातला केक तळाला फिकट राहतो. काळा टिन उष्णता ओढून घेतो, तळ लवकर आणि छान खरपूस भाजतो. फार काळा असेल तर ओव्हन दहा-पंधरा अंशांनी कमी ठेवायचा, एवढीच काळजी. बेकरीतले ते कोळशासारखे पत्रे आळसाने काळे राहिले नव्हते. म्हणून शहाण्या माणसाने करावं ते एवढंच: केक निघाला की टिन गार व्हायच्या आत त्यात गरम पाणी आणि साबण घालावा, पण काचेचं भांडं असेल तर थोडं निवू द्यावं, नाहीतर तडकतं. जे सुटं होतं ते काढावं. तळाला चांगला बेकिंग पेपर लावावा. बटर पेपरच्या नावाखाली मिळणारे काही कागद केकलाच असे चिकटतात की शेवटी कागदासकट केक खावा लागतो. खवले, करपलेले थेंब, चिकट तेलाचे ओघळ काढून टाकावेत. उरलेल्या टणक, गुळगुळीत, तपकिरी थराला हात लावू नये. तो डाग नाही, ती टिनाची नोकरीतली ज्येष्ठता आहे.

हे सगळं पटलं तरी आचरणात येत नाही, याचा पुरावा आमच्याच इमारतीत आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून पहिल्या मजल्यावर केक गेला, टिनासकट. टिन काळा. खालच्यांना प्रश्न पडला. केक खाल्ला, आता टिन परत द्यायचा तर रिवाजाप्रमाणे घासून द्यायला हवा आणि रिकामा द्यायचा नाही. त्यांनी चकल्या दिल्या, पण स्टीलच्या डब्यात घालून. टिनाविषयी कोणी बोललं नाही. दिवाळीच्या साफसफाईत तो खालच्यांच्या माळ्यावर सापडला. “तुमचा टिन आमच्याकडे राहिलाय वाटतं,” असं त्यांनी जिन्यात म्हटलं. वरचे म्हणाले, “छे हो, आमचे सगळे टिन घरात आहेत. तुमचाच असेल.” एरवी एका वाटीसाठी नाव वाचून भांडणाऱ्या इमारतीत, कोणाचीच नाही अशी ही पहिली वस्तू. शेवटी तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नेला. त्या फार विचारत नाहीत; त्या करतात.

काकूंनी त्यात नाताळचा केक केला आणि सगळ्या मजल्यांवर वाटला. तळ असा एकसारखा खरपूस, की लोकांनी बोटं चाटली. “काकू, ओव्हन नवा घेतलात का?” काकूंनी सांगितलं की ओव्हन जुनाच आहे, टिन मात्र काळा आहे. त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी वर आलं. “काकू, आता आठवलं, तो टिन आमचाच.” पाठोपाठ पहिल्या मजल्यावरून आलं. “अहो, आमच्या माळ्यावरच होता तो, म्हणजे आमचाच.” आवाज थोडे चढले. काकू आत गेल्या, केकच्या खवल्यांसकट तो टिन बाहेर आणला, त्यावर तारेची घासणी ठेवली आणि म्हणाल्या, “ज्याचा असेल त्याने इथे, माझ्यासमोर, घासून न्यावा.”

दोन्ही दावे तिथल्या तिथे मागे घेण्यात आले.